सुकन्या खातं: पैशांइतक्याच तारखा सांभाळा

पोस्टाच्या खिडकीपाशी हमखास ऐकू येणारा प्रश्न म्हणजे, "मुलगी एकवीसची झाली की पैसे मिळतात ना?" उत्तर असं की खातं एकवीसचं झालं की मिळतात. मुलगी दोन महिन्यांची असताना खातं उघडलं तर दोन्ही गोष्टी जवळपास एकच. नवव्या वर्षी उघडलं तर मुदत संपेल तेव्हा ती तिशीला आलेली असेल. सुकन्या समृद्धी म्हणजे मुलीच्या नावानं उघडायचं सरकारी बचत योजनेचं खातं. त्याचा व्याजदर सरकार ठरवतं, करमाफी कायद्यानं दिलेली आहे. आपल्या हातात उरतात त्या तारखा, आणि घोळही बहुतेक त्यांचेच होतात.

योजना २२ जानेवारी २०१५ ला सुरू झाली. सध्याचे नियम १२ डिसेंबर २०१९ च्या अधिसूचनेचे आहेत. हे आधीच सांगायचं कारण असं की २०१६ च्या जुन्या नियमांची माहिती अजून सगळीकडे फिरते: वर्षाला किमान १००० रुपये, दहाव्या वर्षापासून मुलगी स्वतः खातं चालवू शकते, वगैरे. आता किमान रक्कम २५० रुपये आहे आणि खातं मुलीच्या हातात येतं ते अठराव्या वर्षी.

उघडताना

मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत खातं उघडावं लागतं. एका मुलीच्या नावावर एकच खातं, मग ते पोस्टात असो वा बँकेत. एका कुटुंबात दोन मुलींची दोन खाती. पहिली मुलगी आणि दुसऱ्या खेपेला जुळ्या मुली झाल्या, किंवा पहिल्याच खेपेला तिळ्या झाल्या, तर दोनपेक्षा जास्त खाती चालतात. त्यासाठी जन्मदाखल्यांसोबत प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. मात्र पहिल्याच खेपेला जुळ्या मुली झाल्या असतील तर नंतर झालेल्या मुलीला ही सवलत नाही.

खातं उघडतात आई किंवा वडील, आणि ते नसतील तर कायदेशीर पालक. आजोबांनी हौसेनं नातीचं खातं स्वतः पालक होऊन उघडण्याचे प्रकार पूर्वी बरेच झाले. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या सूचनांनुसार आजी-आजोबा कायदेशीर पालक नसतील तर असं खातं आई-वडिलांच्या पालकत्वाखाली वळतं करून घ्यावं लागतं. तुमच्या घरात असं खातं असेल तर मुदत संपायची वाट पाहू नका. आत्ता पासबुक, मुलीचा जन्मदाखला आणि आजोबा व आई-वडील दोघांचे ओळखीचे कागद घेऊन जा. आजोबांना पैसे भरायचे असतील तर ते आई-वडिलांनी उघडलेल्या खात्यात भरावेत.

न्यायचे कागद: मुलीचा जन्मदाखला, पालकाचं आधार आणि पॅन, पत्त्याचा पुरावा, फोटो, खातं उघडायचा अर्ज, आणि पहिली रक्कम किमान २५० रुपये. पुढची प्रत्येक रक्कम ५० च्या पटीत.

अडतं ते नावावर. महापालिकेनं किंवा ग्रामपंचायतीनं बाळ जन्मल्या जन्मल्या दिलेल्या दाखल्यात बऱ्याचदा मुलीचं नावच नसतं, कारण बारसं व्हायचं असतं. बारशानंतर नाव नोंदवून नवा दाखला घ्या आणि मगच खिडकीवर जा. दुसरा घोळ नावाच्या क्रमाचा. आपल्याकडे आधारवर 'मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव' असतं, दाखल्यावर आडनाव आधी, आणि बँकेच्या संगणकात तिसरंच काही. इंग्रजी स्पेलिंगमधलं एक अक्षर अठराव्या वर्षीच्या केवायसीला आडवं येतं. पासबुक हातात पडल्यावर तिथेच उभं राहून चार गोष्टी वाचा: मुलीचं नाव, जन्मतारीख, पालकाचं नाव आणि खातं उघडल्याची तारीख. चूक त्याच दिवशी दुरुस्त करून घेणं सोपं असतं.

पोस्ट की बँक, याला फार महत्त्व देऊ नका. दर तोच, नियम तेच, हमी सरकारचीच. ज्या बँकेत पगार येतो तिथे सुकन्या खातं उघडलं तर दरमहा रक्कम आपोआप वळती करता येते, एवढाच खरा फरक. पोस्टात खातं असेल तर इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या ॲपमधून घरबसल्या भरता येतं. त्यासाठी सुकन्या खात्याचा नंबर आणि पासबुकवरचा ग्राहक क्रमांक लागतो. तो छापलेला नसेल तर खिडकीवर मागून घ्या.

सध्या जमत नसेल तरी २५० रुपये भरून खातं उघडून ठेवा. मुदतीचं घड्याळ त्या दिवसापासून चालू होतं.

पाच तारीख

या खात्यात महिन्याचं व्याज धरलं जातं ते ५ तारखेच्या अखेरीपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर. म्हणजे ५ तारखेपर्यंत जमा झालेल्या रकमेला त्या महिन्याचं व्याज मिळतं, ६ तारखेला भरलेलीला नाही. व्याज दर महिन्याला मोजलं जातं, पण खात्यात जमा होतं ते आर्थिक वर्ष संपताना, एकदाच.

जानेवारी २०२४ मध्ये दर ८.२ टक्के झाला. पुढचे सगळे हिशोब त्याच दरानं केले आहेत. दीड लाख रुपये ५ एप्रिलला भरले तर त्या वर्षाचं व्याज १२,३०० रुपये. तेच ६ एप्रिलला भरले तर एका महिन्याचे १,०२५ रुपये गेले. आणि पगारदारांच्या सवयीप्रमाणे कर वाचवायला ३१ मार्चला भरले तर त्या वर्षाचं व्याज शून्य.

एकरकमी भरणार असाल तर ३१ मार्चऐवजी चार दिवस थांबून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भरा. फक्त कॅलेंडर आधी बघा. १ एप्रिलला बँका हिशोबासाठी ग्राहकांना बंद असतात, आणि पुढच्या दिवसांत गुढीपाडवा, गुड फ्रायडे, महावीर जयंती, रविवार यांतलं काहीही येऊ शकतं. चेक वटायला वेळ लागू शकतो, तेव्हा चेकनं भरायचं असेल तर ५ तारखेच्या भरवशावर राहू नका. दरमहा भरणाऱ्यांनी आपोआप वळतीची तारीख १ किंवा २ ठेवावी. ५ ठेवली आणि त्या दिवशी खात्यात शिल्लक नसली की महिना गेलाच.

कमाल मर्यादा एका खात्यात एका आर्थिक वर्षात दीड लाख. जास्त भरलेल्या रकमेवर व्याज मिळत नाही, ती परत दिली जाते. आई एकीकडून आणि मामा दुसरीकडून भरतात अशा घरांत हे घडतं; एप्रिलमध्येच कोण किती भरणार ते ठरवून घ्या.

किती जमतं? दर ८.२ टक्केच राहील असं धरून, दर वर्षी ५ एप्रिलच्या आत दीड लाख असे १५ वर्षं भरले तर एकूण भरलेले २२.५ लाख, आणि एकविसाव्या वर्षाअखेर सुमारे ७१.८ लाख. दरमहा १२,५०० रुपये पाच तारखेच्या आत भरले तर सुमारे ६९.३ लाख. दरमहा १,००० भरले तर भरणा १.८ लाख आणि हाती साधारण साडेपाच लाख. पण हा दर पक्का नाही. सरकार तो दर तिमाहीला जाहीर करतं आणि बदललेला दर खात्यातल्या सगळ्या शिलकीला लागतो. २०१५-१६ मध्ये तो ९.२ टक्के होता, एप्रिल २०२० ते मार्च २०२३ अशी तीन वर्षं ७.६ टक्के होता. ७.६ टक्के धरला तर वरचे ७१.८ लाख सुमारे ६५.९ लाखांवर येतात. एजंटानं छापून दिलेल्या तक्त्यात शेवटचा रुपयासुद्धा लिहिलेला असतो. तो आकडा अंदाज आहे, एवढं लक्षात ठेवून बघा.

पंधरा वर्षं भरायचं, सहा वर्षं नुसतं ठेवायचं

पैसे भरायचे ते खातं उघडल्यापासून पंधरा वर्षं पूर्ण होईपर्यंत. त्यानंतर सहा वर्षं काहीही भरायचं नाही, व्याज मात्र चालू राहतं. वरच्या उदाहरणात पंधराव्या वर्षाअखेर शिल्लक सुमारे ४४.८ लाख असते. पुढचे २७ लाख या सहा वर्षांतलेच. म्हणून पंधरा वर्षं झाल्यावर खातं 'संपलं' समजून पासबुक हरवून टाकणं परवडणारं नाही.

इथे एक बारीक गोष्ट आहे, जी फारसं कुणी सांगत नाही. पंधरा वर्षं उघडल्याच्या तारखेपासून मोजतात, मर्यादा मात्र आर्थिक वर्षाची. १० जून २०२५ ला उघडलेल्या खात्यात २०२५-२६ पासून २०३९-४० पर्यंत पंधरा आर्थिक वर्षं तर भरता येतंच. शिवाय १ एप्रिल २०४० पासून जूनमध्ये पंधरा वर्षं पूर्ण होईपर्यंतचे दोन महिने उरतात, आणि ते सोळाव्या आर्थिक वर्षात येतात. ज्यांना शक्य आहे त्यांनी त्या वर्षाची रक्कम एप्रिल २०४० च्या ५ तारखेच्या आत भरावी. उलट २ एप्रिलला खातं उघडलेल्यांना हा फायदा जवळजवळ नाही.

एखाद्या वर्षी २५० रुपयेही भरायचे राहिले तर खातं थकीत होतं. घाबरण्यासारखं काही नाही. पंधरा वर्षं पूर्ण व्हायच्या आत चुकलेल्या प्रत्येक वर्षाचे २५० आणि दंड ५० असे भरले की ते पुन्हा चालू होतं. तीन वर्षं राहिली असतील तर ९०० रुपये, वर चालू वर्षाचे किमान २५०. पुन्हा चालू केलंच नाही तरी सध्याच्या नियमांत आधी भरलेल्या रकमेवर मुदतीपर्यंत योजनेचाच दर मिळतो. जुन्या नियमांत तो बचत खात्याच्या दरावर घसरायचा. चुकलेली वर्षं भरून काढली तरी त्या वर्षांची दीड लाखाची मर्यादा मात्र परत मिळत नाही.

गाव बदललं तर

खातं भारतभर कुठेही नेता येतं, पोस्टातून बँकेत आणि बँकेतून पोस्टात. सध्याच्या कार्यालयात बदलीचा अर्ज, पासबुक आणि केवायसीचे कागद द्यायचे. ते खात्याचे मूळ कागद आणि शिल्लक नव्या शाखेकडे पाठवतात, मग नवी शाखा तुम्हाला बोलावून केवायसी करते आणि नवं पासबुक देते. मधल्या काळात खातं ना इकडचं ना तिकडचं असतं, म्हणून मार्चच्या शेवटी किंवा एप्रिलच्या सुरुवातीला हे काम काढू नका. अर्ज देण्याआधी त्या वर्षाची रक्कम भरून टाका, जुन्या खात्याकडे जाणारी आपोआप वळती बंद करा, आणि पासबुकच्या सगळ्या पानांची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा.

नवं पासबुक आलं की उघडल्याची तारीख जुनीच आहे ना, हे पाहा. तिथे बदलीची तारीख छापली गेली असेल तर मुदत तितकी वर्षं पुढे गेलेली दिसते. ती चूक त्याच आठवड्यात लेखी अर्ज देऊन दुरुस्त करून घ्या, सोबत जुन्या पासबुकची झेरॉक्स जोडा. वीस वर्षांनी नवीन मॅनेजरला हे समजावणं फार जड जातं.

आधार, पॅन आणि अठरावं वर्ष

एप्रिल २०२३ पासून या योजनांना पालकाचं आधार आणि पॅन लागतं. जुनं खातं असेल आणि दोन्ही जोडलेलं नसेल तर व्यवहार अडकतात. पुढच्या खेपेला दोन्हीच्या प्रती घेऊनच जा. मुलीचं आधारही वेळेवर अद्ययावत करा. पाच वर्षांच्या आतलं निळं बाल आधार बोटांच्या ठशांशिवाय काढलेलं असतं. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी ठसे व डोळ्यांची नोंद करून घ्यावी लागते.

अठरा पूर्ण झाल्यावर खातं मुलीचं. तिचं आधार, पॅन, फोटो, सह्यांचे नमुने देऊन खातं तिच्या नावे चालू करून घ्यायचं. पॅन सतरा वर्षं संपत आल्यावरच काढायला घेतलं तर धावपळ होत नाही. यानंतर आई-वडिलांची सही चालत नाही आणि पैशावर हक्कही तिचाच. काही घरांत ही गोष्ट आधीच बोलून ठेवलेली बरी.

मुदतीआधी पैसे काढायचे असतील तर

शिक्षणासाठी काढता येतात. अट अशी की मुलगी दहावी पास झालेली असावी किंवा अठरा पूर्ण असावी, जे आधी होईल ते. मागच्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत, पण प्रत्यक्ष फी आणि प्रवेशाचे इतर खर्च यांच्यापुरतंच. ३१ मार्चला शिल्लक १२ लाख असेल तर मर्यादा ६ लाख. कॉलेजची फी १.८ लाख असेल तर हाती १.८ लाखच. एकदम किंवा हप्त्यांनी घेता येतं, वर्षाला एकदा, जास्तीत जास्त पाच वर्षं.

कागद म्हणजे प्रवेश निश्चितीचं पत्र किंवा फीची स्लिप. इथेच वेळेचं गणित बिघडतं. महाराष्ट्रात इंजिनिअरिंग, फार्मसीचे प्रवेश सीईटी कक्षाच्या कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांतून होतात आणि जागा मिळाली की काही दिवसांत फी भरावी लागते. सुकन्या खात्याचा अर्ज मात्र प्रवेशाच्या पुराव्याशिवाय पुढे सरकत नाही. म्हणून पहिल्या वर्षाच्या फीइतकी रक्कम बचत खात्यात किंवा मुदत ठेवीत वेगळी ठेवा, फी भरा, पावती घ्या आणि मग सुकन्यातून काढा. अकरावीच्या शाखेची किंवा पॉलिटेक्निकची फी यातून काढता येते, पण कमी फीसाठी ८.२ टक्क्यांच्या करमुक्त शिलकीला हात लावायला मन करू नये.

लग्नासाठी मुदतीआधी खातं बंद करता येतं, मुलगी लग्नाच्या दिवशी अठरा पूर्ण असेल तर. अर्ज लग्नाच्या एक महिना आधीपासून तीन महिने नंतरपर्यंत. सोबत वयाचा पुरावा आणि नोटरीसमोर केलेलं स्टॅम्पपेपरवरचं घोषणापत्र. साखरपुडा झाला म्हणून हॉल बुक करायला पैसे मिळत नाहीत. ही चार महिन्यांची मुदत धरूनच लग्नाचा हिशोब करा.

बाकी दोनच वाटा आहेत. मुलीचा मृत्यू झाला तर खातं लगेच बंद होतं. मुलीला जीवघेणा आजार झाला किंवा पालकाचा मृत्यू झाला तर पाच वर्षांनंतर बंद करता येतं, कागदपत्रं तपासून. या खात्यावर कर्ज मिळत नाही. त्यामुळे घरात सहा महिन्यांचा खर्च बाजूला नसताना वर्षाला दीड लाख इथे कोंडणं शहाणपणाचं नाही. आधी तो निधी, मग सुकन्या.

कर

व्याज आणि मुदतीनंतरची रक्कम दोन्ही पूर्ण करमुक्त. भरलेल्या रकमेवर आयकरात वजावट (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८० सी) मिळते, पण ती जुन्या करप्रणालीत आणि पीएफ, विमा वगैरे धरून एकूण दीड लाखांपर्यंतच. दोन मुली असतील तर दोन खात्यांत मिळून तीन लाख भरता येतात, वजावट मात्र एकाला दीड लाखांचीच. तुम्ही नवी करप्रणाली निवडली असेल तर वजावट जाते, व्याजाची करमाफी राहते. पैसे भरायला मार्चची घाई करायचं मग काहीच कारण उरत नाही; एप्रिलमध्ये भरणं दुहेरी सोयीचं.

'लेक लाडकी' योजनेशी याची गल्लत करू नका. ती महाराष्ट्र शासनाची. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबांत १ एप्रिल २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलींसाठी, टप्प्याटप्प्यानं एकूण १ लाख १ हजार रुपये. तिचा अर्ज अंगणवाडीमार्फत वेगळा करायचा. दोन्ही घेता येतात.

मुलगा असेल तर सुकन्या नाही. त्याच्या नावानं पीपीएफ उघडता येतं, किमान ५०० रुपये वर्षाला, मुदत १५ वर्षं. तिथे फरक हा की पालकाचं स्वतःचं पीपीएफ आणि मुलाचं मिळून वर्षाला दीड लाख. सुकन्याची मर्यादा स्वतंत्र असते.

बंद करताना

एकवीस वर्षं पूर्ण झाल्यावर योजनेचं व्याज थांबतं. खातं आपणहून बंद होऊन पैसे बचत खात्यात येत नाहीत. मुदतीच्या दोन महिने आधी मुलीच्या स्वतःच्या नावाचं बचत खातं, पॅन आणि आधार जुळतात ना ते पाहा. सुकन्याच्या पासबुकवरचं नाव आणि आधारवरचं नाव एक आहे ना तेही. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद लागेल. मग खातं बंद करण्याचा अर्ज, पासबुक, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा घेऊन ती स्वतः जाते. पासबुक जमा करण्याआधी शेवटच्या पानाची झेरॉक्स काढून ठेवा आणि व्याजाची शेवटची नोंद चढली आहे ना ते तपासा. वर्ष अर्ध्यात बंद करताना तीच राहून जाते.